दोन ऑपरेशनांच्या मधले महिने

दुभंगलेला ओठ किंवा दुभंगलेली टाळू (तोंडाच्या आतलं छत) घेऊन आलेल्या बाळाच्या ऑपरेशनच्या दिवशी माणसांची कमतरता नसते. डबा आणणारे असतात, रक्त द्यायला तयार असणारे असतात, बाहेर बाकावर रात्र काढणारेही असतात. माणसं कमी पडतात ती साध्या दिवसांत. पहाटे तीन वाजता बाळ दूध नाकातून काढतं तेव्हा, दर आठवड्याच्या तपासणीला सुट्टी मिळत नाही तेव्हा, ऑपरेशन 'छान' झाल्यावर सहा महिन्यांनी मूल 'बाबा' म्हणत नाही तेव्हा. आमचा पालकांचा गट या साध्या दिवसांसाठी उभा राहिला. जन्मापासून टाळू शिवून पहिले शब्द येईपर्यंत दोन-अडीच वर्षं जातात. ती वाट आम्ही आधी स्वतः चाललो आणि मग नव्या कुटुंबांसोबत पुन्हा चाललो. काय कधी समोर येतं, किती थांबावं लागतं आणि कुठे अडतं, ते त्याच क्रमाने इथे लिहितो आहोत.

पहिला दिवस

साधारण ७०० जन्मांमागे एका बाळाला हा दोष असतो. पण हा आकडा पहिल्या दिवशी आईच्या उपयोगाचा नाही. तिच्या मनात दोनच प्रश्न असतात: हे माझ्यामुळे झालं का, आणि बाळ दूध कसं पिणार?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर सरळ द्यावं. वरचा ओठ गरोदरपणाच्या चौथ्या ते सातव्या आठवड्यात जुळतो, टाळू सहाव्या ते नवव्या आठवड्यात. कित्येक जणींना दिवस गेल्याचं कळतं न कळतं तोवर हे घडून गेलेलं असतं. काही पाहिल्याने, काही कापल्याने, जड उचलल्याने ओठ दुभंगत नाही. बहुतेक बाळांमध्ये एकच एक कारण सापडत नाही. आनुवंशिकता आणि इतर गोष्टी मिळून ते घडतं. गरोदरपणातलं धूम्रपान आणि अपस्मारावरची काही औषधं यांनी धोका वाढतो हे खरं आहे. पण ती चौकशी डॉक्टरांनी एकांतात करायची असते, नातेवाइकांनी खाटेभोवती उभं राहून नाही.

गटातून पहिला फोन एकाच व्यक्तीने करायचा, हे आम्ही चुकल्यावर शिकलो. सुरुवातीला बातमी कळली की पाच-सहा जण फोन करायचे, प्रत्येक जण आपल्या मुलाची हकिगत सांगायचा, आणि बाळंतीण थकून फोन बंद करून ठेवायची. आता एका कुटुंबाला एकच सोबती ठरतो. सोबती ठरवताना प्रकार जुळवायचा: फक्त ओठ, फक्त टाळू, की दोन्ही, एका बाजूने की दोन्ही बाजूंनी. फक्त ओठ दुभंगलेली बाळं अनेकदा अंगावर नीट पितात. अशा बाळाच्या आईने टाळू दुभंगलेल्या बाळाच्या आईला 'धीर धर, ओढायला लागेल' असं प्रेमाने सांगितलं, तरी दोन दिवस हातचे जातात आणि बाळाचं वजन उतरतं.

फोनवर आधी अभिनंदन करायचं. घरात बाळ आलेलं असतं आणि तोवर कुणीच अभिनंदन केलेलं नसतं, हे आम्ही फार वेळा पाहिलं. मग विचारायचं: वजन किती, शेवटचं दूध कधी आणि किती घेतलं, किती लंगोट ओले झाले. फोटो मागायचा नाही. त्यांनी आपणहून पाठवला तर तो पुढे कुणालाही पाठवायचा नाही, गटातसुद्धा नाही.

ओठ अखंड असेल तर टाळूची भेग नजरेतून सुटू शकते. नुसतं बोट फिरवून तपासलं की मागची मऊ टाळू राहून जाते. विजेरी आणि जीभ दाबायची पट्टी घेऊन पडजिभेपर्यंत बघावं लागतं. बाळ तासभर चोखतं तरी उपाशीच राहतं, दूध नाकातून येतं, अशी तक्रार आली की आमचा सोबती एवढंच सांगतो: बालरोगतज्ज्ञांना उजेडात टाळू पुन्हा बघायची विनंती करा. खालचा जबडा खूप लहान असेल आणि पाठीवर झोपवल्यावर श्वासाला घरघर लागत असेल, तर मात्र फोनवर बोलत बसायचं नाही. जीभ मागे पडून श्वास अडतो, आणि अशा बाळाला कोणत्या कुशीवर ठेवायचं हे रुग्णालयातच ठरतं.

दूध

बाळ दूध का ओढू शकत नाही, हे घरातल्या सगळ्यांना एकदा समजावून सांगितलं की आईवरचा अर्धा भार उतरतो. तडा गेलेल्या नळीने पाणी ओढलं की पाण्याऐवजी हवाच येते. टाळूला भेग असली की तोंडाचं तसंच होतं. बाळ तोंड हलवतं, चोखल्यासारखं दिसतं, दमतं आणि झोपी जातं. पोट भरून झोपलं असं सगळ्यांना वाटतं.

उपाय दोन प्रकारचे. एक, मऊ प्लास्टिकची, दाबता येणारी बाटली. दूध आपण दाबून देतो. दुसरा, एकमार्गी झडप असलेलं निपल. बाळाने हिरडी आणि जीभ यांच्यात नुसतं दाबलं तरी दूध येतं आणि झडपेमुळे ते बाटलीत परत जात नाही. हॅबरमन फीडर हे यातलं सर्वांत माहितीचं नाव. मॅंडी हॅबरमन यांच्या मुलीला जन्मतः चोखता येत नव्हतं, त्यातून त्यांनी ते १९८०च्या दशकात तयार केलं. दोन्ही मिळालं नाही तर काढलेलं दूध लहान वाटीने किंवा चमच्याने पाजता येतं. वेळ जास्त लागतो, सांडतं, पण चालतं.

पाजण्याची रीत शब्दांत सांगणं अवघड आहे, तरी सांगतो. बाळाला जवळजवळ बसतं धरा, डोकं तुमच्या कोपराच्या खळीत, हनुवटी किंचित खाली. निपल भेगेत न जाता, टाळू जिथे शाबूत आहे त्या बाजूला, जिभेवर ठेवा. मग हात थांबवा आणि हनुवटीकडे बघा. हनुवटी खाली-वर हलायला लागली की तिच्या लयीत बाटली हलकी दाबा आणि सोडा. दोन-तीनदा दाबलं की गिळल्याचा बारीकसा आवाज येतो. तो आल्याशिवाय पुढचं दाबायचं नाही. भुवया वर गेल्या, डोळे विस्फारले, हातापायाची बोटं ताणली की समजायचं दूध जास्त येतंय. निपल तोंडातच ठेवून बाटली खाली करायची, दोन श्वास जाऊ द्यायचे. हवा खूप गिळली जाते, म्हणून मध्ये दोन-तीनदा थांबून ढेकर काढायची. नाकातून दूध आलं तर घाबरायचं नाही. थांबा, पुसा, बाळाला अजून सरळ धरा आणि पुन्हा सुरू करा.

चुका ठरलेल्या आहेत. पहिली, साध्या निपलचं भोक सुईने मोठं करणं. दूध धो धो येतं, बाळाला ठसका लागतो, आणि पुढच्या वेळी ते बाटली बघूनच रडतं. दुसरी, धुतल्यावर झडप उलटी बसवणं किंवा विसरणं. 'बाळाने अचानक दूध सोडलं' असा फोन आला की आम्ही आधी झडप बघायला सांगतो, आणि बऱ्याचदा तीच निघते. तिसरी, निपलमधली हवा न काढणं. ते दाबून हवा बाहेर घालवायची आणि दूध आत भरून घ्यायचं, मगच बाळाच्या तोंडात द्यायचं. चौथी चूक सगळ्यांत प्रेमळ: तासभर पाजत राहणं. अर्ध्या तासापेक्षा जास्त वेळ लागत असेल तर बाळ जेवढं पितं त्यातलं बरंच पिण्याच्या श्रमातच खर्च होतं. तीस मिनिटांत थांबा, आणि रोजच तसं होत असेल तर बाटली किंवा पद्धत बदला.

मोजमाप लागतंच. पहिल्या आठवड्याच्या शेवटी बाळाला दिवसाला किलोमागे सुमारे १५० मिलिलिटर दूध लागतं. ३ किलोच्या बाळाला दिवसाचे ४५०, म्हणजे आठ वेळा पाजलं तर दर वेळी ५५-६०. पहिल्या काही दिवसांत वजन थोडं उतरतं, पण दोन आठवड्यांत ते जन्माच्या वजनावर परत यायला हवं, आणि नंतर दिवसाला २० ते ३० ग्रॅम वाढायला हवं. पाचव्या दिवसानंतर चोवीस तासांत सहापेक्षा कमी लंगोट ओले होत असतील तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. सोबती पहिल्या भेटीत एक साधी वही देतो: वेळ, किती घेतलं, किती मिनिटं लागली, लंगोट. वजन त्याच काट्यावर, कपडे काढून, आठवड्यातून दोनदा. या वहीने आमच्या डोळ्यांदेखत डॉक्टरांचं बोलणं बदललेलं आहे. 'बाळ पीत नाही' या वाक्याला धीर मिळतो. 'काल ३१० मिलिलिटर घेतलं, दर वेळी ५० मिनिटं लागली' या वाक्याला उपाय मिळतो.

आईचं दूध द्यायचं तर दिवसातून आठ वेळा काढावं लागतं, त्यात रात्रीचंही एकदा. काढलेलं दूध खोलीच्या तापमानाला चार तास आणि फ्रीजमध्ये चार दिवस टिकतं. काढायचे तास आणि पाजायचे तास मिळून आईचा सगळा दिवस जातो. शेजारणींना, नातेवाइकांना खरी मदत करायची असेल तर बाटल्या-निपल धुऊन उकळून ठेवण्याचं काम अंगावर घ्यावं. आणि घरातल्या आणखी एका माणसाने पाजायला शिकलंच पाहिजे. आईला सलग पाच तास झोप मिळेल एवढं तरी.

कागद

पहिल्याच आठवड्यात एक जाड फाइल करा. जन्माचा दाखला, रुग्णालयातून सोडल्याचा कागद, वजनाच्या नोंदी, लसीकरण, श्रवणचाचणीचा निकाल, पुढे पाठवणीचं पत्र, बाळाचे समोरून आणि खालून काढलेले दोन फोटो. प्रत्येकाच्या तीन प्रती, आणि मूळ कागद घरी.

नावांची गडबड हा या वाटेवरचा सर्वांत कंटाळवाणा खड्डा आहे. रुग्णालयाच्या कागदावर 'अमुकचं बाळ' असतं, दाखल्यावर ठेवलेलं नाव, आईचं नाव एका कागदावर माहेरचं आणि दुसऱ्यावर सासरचं. ऑपरेशनच्या खर्चाची मंजुरी एवढ्यावरून परत येते आणि तीन-तीन आठवडे जातात. तोवर दिलेली तारीख उलटते. म्हणून अर्ज भरण्याआधी सगळे कागद टेबलावर शेजारी-शेजारी ठेवून नावं अक्षर अक्षर जुळवायची. जुळत नसतील तर 'हे एकच बाळ' असं डॉक्टरांच्या सहीशिक्क्याचं पत्र आधीच घ्यायचं. गटात ज्याला कागदांची सवय आहे त्याने हे काम धरावं. सोबत्यावर टाकू नये, त्याचं लक्ष बाळ-बाळंतिणीवर हवं.

खर्चाचंही लगेच बोलावं. ऑपरेशन अनेक ठिकाणी मोफत होतं, तरी वाट मोफत नसते. प्रवास, राहणं, बुडालेली मजुरी, खास बाटल्या, चिकटपट्ट्या. एका तपासणीचा हा सगळा खर्च कागदावर मांडला की वर्षाचा अंदाज येतो. आमच्या निधीतून प्रवासाचे पैसे आम्ही तपासणीच्या आधी देतो आणि तिकिटं नंतर घेतो. सुरुवातीला तिकिटं दाखवल्यावर देत होतो. तेव्हा ज्यांच्याकडे जायलाच पैसे नव्हते ते गेलेच नाहीत, आणि आम्हाला ते दोन महिन्यांनी कळलं.

केंद्र निवडताना शस्त्रक्रियेची तारीख कधी, याआधी एक प्रश्न विचारा: टाळू शिवल्यावर बोलण्याचं कोण बघणार? ऑपरेशन स्माइल ही संस्था १९८२ साली सुरू झाली, स्माइल ट्रेन १९९९ साली. दुसरीचा भर स्थानिक शल्यविशारदांना प्रशिक्षण आणि निधी देऊन वर्षभर काम चालू ठेवण्यावर आहे. संस्था कोणतीही असो, जिथे प्लास्टिक सर्जन, दंततज्ज्ञ, कान-नाक-घसा तज्ज्ञ, श्रवणतज्ज्ञ, वाचातज्ज्ञ आणि बालरोगतज्ज्ञ एकमेकांशी बोलतात तिथे जा. थोडं लांब असलं तरी.

याच काळात आनुवंशिकतेबद्दल विचारून घ्यावं. आईवडिलांपैकी कुणाला हा दोष नसेल आणि एका मुलाला असेल, तर पुढच्या मुलाला असण्याची शक्यता साधारण ३ ते ५ टक्के असते. बाळाच्या किंवा आईवडिलांपैकी कुणाच्या खालच्या ओठावर दोन बारीक खळगे दिसत असतील तर ते डॉक्टरांना आवर्जून दाखवा. ती व्हॅन डर वूड सिंड्रोम या आनुवंशिक विकाराची खूण असू शकते, आणि आईवडिलांपैकी कुणाला तो असेल तर पुढच्या प्रत्येक मुलाला तो होण्याची शक्यता निम्मी असते.

ओठाचं ऑपरेशन

ओठ बहुतेक ठिकाणी तीन ते सहा महिन्यांच्या दरम्यान शिवतात. दहाचा जुना नियम अजून कानावर पडतो: वय किमान १० आठवडे, वजन १० पौंड म्हणजे साडेचार किलो, हिमोग्लोबिन १० ग्रॅम. तोवरची वाट बघणं रिकामं नसतं. काही केंद्रांत नाक-हिरडीला आकार देणारी प्लेट बसवतात. ती पहिल्या काही आठवड्यांत सुरू केली तर उपयोग होतो, कारण नवजात बाळाची कूर्चा मऊ असते. पण दर आठवड्याला प्लेट घासून बदलून घ्यायला जावं लागतं, असं तीन-चार महिने. प्लेट धरून ठेवणाऱ्या चिकटपट्टीने गालाची कातडी सोलवटते. पट्टी ओली करून हळू काढायची आणि खाली कातडीचं रक्षण करणारी मऊ पट्टी लावायची. सगळी केंद्रं ही प्लेट वापरत नाहीत, आणि जिला दर आठवड्याचा प्रवास झेपत नाही ती आई कमी पडली असं अजिबात नाही. हे आम्ही गटात मोठ्याने सांगतो, कारण ते ऐकायची गरज असणाऱ्या बायका ते विचारत नाहीत.

ठरलेली तारीख पुढे जाईल हे धरूनच चाला. सर्दी, ताप, खोकला झाला तर भूल देत नाहीत आणि दोन-चार आठवडे थांबवतात. लपवून नेऊ नका. नाक गळणाऱ्या बाळाच्या श्वासनलिकेला भुलीत धोका असतो. कामावरची रजा एकदम न घेता अर्धी राखून ठेवा, आणि शेवटचे दहा दिवस गर्दीत, लग्नाकार्यात बाळाला नेऊ नका. उपाशी ठेवण्याच्या वेळा भूलतज्ज्ञ सांगतील तशाच पाळायच्या. साधारणपणे वरचं दूध सहा तास आधी, आईचं दूध चार तास आधी आणि पाणी दोन तास आधी बंद करतात. 'थोडंसंच दिलं' म्हणून ऑपरेशन रद्द झालेली बाळं आम्ही पाहिली आहेत.

ऑपरेशन झाल्यावर बाळ बाहेर येतं तेव्हा एक गोष्ट घडते, जिच्याबद्दल कुणी आधी सांगत नाही. आई बाळाला ओळखत नाही. तीन-चार महिने ज्या रुंद हसण्यावर तिने जीव लावला, ते हसू गेलेलं असतं. आजूबाजूचे सगळे आनंदात असतात आणि तिला रडू येतं, आणि रडू येतं म्हणून अपराधी वाटतं. तिला तसं होणारच. आधीच्या चेहऱ्याचे भरपूर फोटो आणि हसण्याचा एखादा व्हिडिओ काढून ठेवा, लपवण्यासाठी नाही, जपण्यासाठी. सोबत्याने त्या दिवशी 'किती सुंदर दिसतंय आता' असं म्हणू नये. आधीही बाळ सुंदरच होतं.

टाके विरघळणारे नसतील तर साधारण पाचव्या ते सातव्या दिवशी काढतात. व्रण पहिले काही महिने लाल आणि ताठ दिसतो, ओठ वर ओढल्यासारखा वाटतो, आणि मग वर्षभरात मऊ पडतो. मालिश कधीपासून करायची ते शल्यविशारदांना विचारा, आणि उन्हापासून व्रण जपा.

मधले महिने

इथून टाळूच्या ऑपरेशनपर्यंत काही महिने जातात, आणि कुटुंबं गळतात ती इथेच. बाळ आता 'बरं' दिसतं. नातेवाईक विचारायचं थांबतात. टाळूची भेग तोंडाच्या आत असते, कुणाला दिसत नाही, आणि प्रवासाचा खर्च मात्र दिसतो. आमच्याकडे नावांची यादी होती, पण फोन कुटुंबांनी करायचा असं ठरलं होतं. जे अडले होते त्यांनी फोन केलेच नाहीत. आता सोबती करतो: ओठानंतर तिसऱ्या, दहाव्या आणि तिसाव्या दिवशी, आणि मग दर महिन्याला, काही काम नसलं तरी.

त्या फोनवर कानाचं विचारायचंच. टाळू उचलणारे आणि कानाची आतली नळी उघडणारे स्नायू एकमेकांत गुंतलेले असतात. टाळू दुभंगली की ती नळी नीट उघडत नाही आणि कानाच्या पडद्यामागे पाणी साचतं, म्हणून यातल्या जवळजवळ सगळ्या बाळांना कधी ना कधी कमी ऐकू येतं. दुखत नाही, कान वाहत नाही, फक्त बाळ आवाजाकडे उशिरा वळतं. जन्मानंतरची श्रवणचाचणी 'पुन्हा करा' अशी आली असेल तर ती टाळायची नाही. अनेक केंद्रांत टाळूच्या ऑपरेशनच्याच भुलीत पडद्यात ग्रोमेट नावाची बारीक नळी बसवतात. ते आधी विचारलं तर बाळाची एक भूल वाचते.

सहा महिन्यांनंतर घट्ट खाणं इतर बाळांसारखंच सुरू करायचं. ते नाकात जातं, शिंकेतून बाहेर येतं. बाळ सरळ बसलेलं असावं, घास लहान असावा. टाळू शिवेपर्यंत वाट बघत नुसत्या दुधावर ठेवलेल्या बाळांचं हिमोग्लोबिन उतरतं, आणि मग त्याच कारणाने ऑपरेशन पुढे जातं.

टाळू

टाळू बहुतेक केंद्रांत नऊ ते अठरा महिन्यांच्या दरम्यान शिवतात. लवकर की उशिरा, यावर बराच काळ वाद होता. फक्त टाळू दुभंगलेल्या बाळांवर केलेली एक मोठी चाचणी २०२३ साली प्रसिद्ध झाली. सहाव्या महिन्यात टाळू शिवलेल्या मुलांमध्ये पाच वर्षांच्या वयात बोलताना हवा नाकातून निसटण्याचा दोष ८.९ टक्के होता, बाराव्या महिन्यात शिवलेल्यांमध्ये १५ टक्के. म्हणून सगळ्यांनी सहाव्याच महिन्यात करा असं आम्ही म्हणत नाही; वजन, श्वास आणि त्या वयाच्या बाळाला भूल देण्याचा अनुभव असलेला चमू, हे सगळं जुळावं लागतं. पण कारण नसताना दोन-तीन वर्षं पुढे ढकलू नका. बोलण्याच्या सवयी त्याआधीच बसतात.

पहिल्या दिवशी लाळेत रक्त दिसतं, बाळ घोरतं, चिडतं. ताजं लाल रक्त वाहू लागलं तर लगेच नर्सला बोलवा. वेदनेचं औषध बाळ रडल्यावर न देता डॉक्टरांनी ठरवलेल्या वेळेवर द्या. दुखणं कमी असलं की दूध जातं, आणि दूध गेलं की सुट्टी लवकर मिळते. पुढचे दोन-तीन आठवडे पातळ आणि मऊ खाणं. स्ट्रॉ नाही, काडीची खेळणी नाहीत, चमचा बाळाच्या हातात नाही. कोपर वाकू नये म्हणून हातांना पट्ट्या बांधायच्या की नाही हे केंद्रागणिक वेगळं असतं. बांधल्या असतील तर दिवसातून काही वेळा एक-एक हात मोकळा करा, तोही बाळावर नजर ठेवून. हे आठवडे फार लांब वाटतात. आमच्या गटात या काळात दोन माणसं पाळीने संध्याकाळी तासभर बाळाला घेऊन बसतात, एवढंच. त्याहून मोठी मदत आम्हाला सापडलेली नाही.

नंतरही नाकातून दूध येत राहिलं तर टाक्यांत बारीक छिद्र राहिलेलं असू शकतं. ते दाखवायचं, पण घाबरायचं नाही. लहान छिद्र पुढच्या ऑपरेशनात बंद करता येतं.

बोलणं

टाळू शिवली की बोलणं आपोआप येतं, हा समज आम्ही सर्वांत जास्त वेळा खोडला आहे. 'म' आणि 'न' नाकातूनच येतात, म्हणून ते आधी येतात. 'प', 'ब', 'त', 'ड', 'क', 'ग' यांना तोंडात हवा कोंडावी लागते. ती नाकातून निसटली की मूल शहाणपणा करतं आणि तो आवाज घशात, हवेचा झटका देऊन काढायला शिकतं. ही सवय एकदा बसली की टाळू कितीही छान शिवलेली असो, राहतेच.

घरी एक छोटा आरसा ठेवा. मुलाच्या नाकाखाली तो आडवा धरा आणि 'पा-पा-पा' म्हणायला लावा. काचेवर वाफ धरली तर हवा नाकातून येते आहे. 'मा-मा' म्हणताना वाफ धरणारच, ती चूक नाही. याने निदान होत नाही, पण वाचातज्ज्ञांना सांगायला नेमकं काही हाती येतं. फुगे, शिट्ट्या, मेणबत्ती फुंकणं यांनी बोलणं सुधारत नाही. पालक ते महिनोन्‌महिने मन लावून करतात, म्हणून हे सांगताना वाईट वाटतं, पण तोच वेळ 'प' आणि 'ब'च्या खेळांना द्यावा. मूल 'प' चुकीचा म्हणालं तर दटावू नका. तुम्ही तोच शब्द पुन्हा नीट, हळू, चेहरा त्याच्यासमोर ठेवून म्हणा. दिवसातून दोन-तीनदा पाच-पाच मिनिटं पुरतात. एवढं करूनही चार-पाच वर्षांचं होईपर्यंत बोलणं नाकातच राहिलं, तर बारीक दुर्बिणीने टाळूची हालचाल बघतात आणि काही मुलांना दुसरं ऑपरेशन लागतं. त्यात कुणाची चूक नसते.

शाळेत घालताना शिक्षकांना एक पानी पत्र द्या: कानाचं काय, बोलण्याचं काय, पहिल्या बाकावर का बसवायचं. मुलाला एक वाक्य तयार करून द्या, जे त्याला स्वतःच्या तोंडाने म्हणायला आवडेल. 'मी जन्मलो तेव्हा माझा ओठ जुळलेला नव्हता, डॉक्टरांनी शिवला' एवढं बहुतेकांना पुरतं. घरी दोन-चार वेळा खेळात म्हणवून घ्या. हिरडीही दुभंगलेली असेल तर साधारण आठ ते अकरा वर्षांच्या दरम्यान, सुळा यायच्या आधी, कमरेच्या हाडातून थोडं हाड काढून हिरडीत भरतात. त्यासाठी दात किडके नकोत. घासणं आणि दंततपासणी त्याआधी वर्षानुवर्षं चालू हवी.

या वेळेपर्यंत फाइल चांगलीच फुगलेली असते. तपासणीच्या खोलीत डॉक्टर अजून आईकडे बघून विचारतात, आणि आईच उत्तर देते. आमच्या गटातल्या मोठ्या मुलांनी, ज्यांचे स्वतःचे ओठ आणि टाळू शिवलेले आहेत त्यांनी, आम्हाला हे थांबवायला सांगितलं. म्हणून हाडाच्या ऑपरेशनच्या तपासणीपासून फाइल मुलाच्या हातात द्यायची, आदल्या रात्री त्याला काय विचारायचं आहे ते त्याच्याकडूनच पहिल्या पानावर लिहून घ्यायचं, आणि खोलीत आपण मागच्या खुर्चीवर बसायचं.